पौर्णिमेचा समुद्र

ज्याला कीर्तनाचं वेड आहे त्यानं समुद्राच्या वाटेला जाऊ नये, आणि गेलाच तर बायकोला बरोबर नेऊ नये, हा माझ्या अनुभवाचा पूर्वरंग. उत्तररंग पुढे येईलच.

जव्हार संस्थानच्या जंगल खात्यात मी कारकून. सागाचे ओंडके मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि कीर्तन ऐकणं हे खरं काम. वीस वर्षांत आरतीआधी एकदाही उठलेलो नाही. एकदा मांडीवर विंचू चढला होता, तरीही नाही. (तो चावला नाही. त्यालाही कथा आवडली असावी.) कीर्तन ऐकून घरी आलो की जेवताना मी सगळं कीर्तन आमच्या गोदेला सांगतो. ती भाकऱ्या थापत ऐकते. आता कोणत्याही कथेत समुद्र हा असतोच. कुणी तो घुसळतो, कुणी ओलांडतो, कुणी पिऊन टाकतो. अशी वीस वर्षं समुद्राची वर्णनं ऐकल्यावर एके दिवशी गोदा तव्यावरची नागलीची भाकरी उलटत म्हणाली, "अहो, मला तो एकदा दाखवाल का? भरलेला. लाटांचा. बाकी काही नको."

वीस वर्षांत तिनं मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मी म्हटलं, "दाखवतो. आणि असातसा नाही, पौर्णिमेचा दाखवतो!"

यात माझी विद्वत्ता होती. पूर्णचंद्राला पाहून सागर आनंदानं उचंबळतो हे मी निदान शंभर बुवांच्या तोंडून ऐकलं होतं. शंभर बुवा खोटं बोलणार नाहीत. तेव्हा चैत्री पौर्णिमा, चंद्रोदयाची वेळ आणि केळव्याचा किनारा असा बेत मी पंचांग उघडून पक्का केला.

बेत पक्का झाल्याचं शेजारी कळायला जव्हारात भिंतीला भोक लागत नाही. शेजारचे ढवळू हवालदार ताबडतोब ओसरीवर येऊन बसले. दरबारच्या कामासाठी ते एकदा मुंबईला जाऊन आले होते, त्यामुळे आमच्या आळीत समुद्रावर त्यांचा एकट्याचा ताबा होता.

"चैत्रात खाली उतरताय?" ते म्हणाले. "साहेबलोक उन्हाळ्यात गारव्याला जव्हारला वर येतात, आणि तुम्ही भट्टीत चाललात! आणि समुद्र म्हणजे तरी काय हो? मोठं तळं. काठाला भिंत असते. भिंतीवर बसायचं, चणे खायचे, घरी यायचं. पाणी तिथंच असतं. कुठं जातंय?"

हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलं, म्हणून तर घात झाला.

हवालदारांच्या बायडीवहिनींनी गुडघ्यांना चोळायला समुद्राचं पाणी हवं म्हणून बाटली दिली. ती पाहून आळीतल्या आणखी चार गुडघ्यांच्या बाटल्या आल्या.

मग रजा. रजेच्या अर्जाला कारण लागतं, आणि आमच्या खात्यात मान्य कारणं चारच: आजार, लग्न, मयत, तीर्थयात्रा. 'पत्नीस समुद्र दाखविणे' हे कारण आमचे वरिष्ठ रावसाहेब यांनी चष्मा काढून वाचलं, लावून वाचलं, आणि म्हणाले, "हे कोणत्या सदरात घालू?"

मी म्हटलं, "साहेब, सगळ्या नद्या, सगळी तीर्थं शेवटी सागराला मिळतात. तेव्हा सगळी तीर्थं एकदम केल्यासारखं होईल. संस्थानची रजाही वाचेल."

रावसाहेबांना शेवटचा मुद्दा पटला. त्यांनी शेरा मारला: 'तीर्थयात्रा मंजूर. परत आल्यावर तीर्थ कचेरीत हजर करावे.' म्हणजे सहावी बाटली. ही तर लाखेनं सीलबंद करायची!

गाडी साखरशेतच्या मंगळूची. मंगळू पन्नाशीचा, कमी बोलणारा, आणि जे बोलेल ते बैलांशी. सहा बाटल्या, शिधा, समुद्राची ओटी भरायला गोदेनं घेतलेला नारळ आणि खण, असं सामान घेऊन आम्ही घाट उतरलो. दोन दिवसांच्या वाटेत मी मंगळूला समुद्राची माहिती दिली, कारण त्यानंही तो पाहिला नव्हता. तो सगळं ऐकून घेई आणि बैलाला म्हणे, "आयकलं ना रं?"

केळव्याला आम्ही उतरलो धोंडीबाईंच्या घरी. दारावर पाटी होती: 'उतारूंस बिछाना व न्याहारी. घर ऐतिहासिक आहे.' शेवटचं वाक्य सूचना म्हणून लिहिलं होतं हे मला मागाहून कळलं. फार वर्षांपूर्वी तिथं कुणी आरमाराचा कप्तान राहून गेला होता. धोंडीबाईंचे सासरे त्याच्या चाकरीत होते, आणि कप्तानानं जे जसं ठेवलं ते तसंच राहिलं पाहिजे असा त्या घराचा धर्म होता. धोंडीबाई म्हणजे रुंद, रोखठोक विधवा. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि आवाज असा की भरसमुद्रातल्या होडीला हाक ऐकू जावी.

"हा कप्तानाचा पलंग," त्या म्हणाल्या. पलंग माझ्या छातीइतका उंच. चढायला तिपाई होती, पण तीही ऐतिहासिक, तिच्यावर पाय ठेवायचा नाही. "ही कप्तानाची खिडकी. हिच्यातून समुद्र दिसतो."

"उघडतो," मी म्हटलं.

"अंऽहं! कप्तान गेले त्या दिवशी मिटलेली आहे."

समुद्र दिसणारी खोली आम्हाला मिळाली होती, फक्त खिडकी इतिहासजमा होती. गोदेनं निमूटपणे जमिनीवर चटई अंथरली. मी कपाटाचा आधार घेऊन पलंगावर चढलो आणि उतरण्याचा विचार करत बसलो.

सूर्य कलला. चंद्रोदयाची वेळ झाली. मी उपरणं घेतलं, गोदेनं नारळ घेतला, मंगळूनं बाटल्या घेतल्या, आणि आमची यात्रा माडांच्या वाडीतून जुना बांध ओलांडून किनाऱ्यावर आली.

चंद्र उगवला. मोठा, तांबूस, वेळेवर. मी डोळे मिटून हात जोडले आणि गोदेला म्हटलं, "बघ! उचंबळला बघ!"

मग मंगळूचा आवाज आला. "सायेब, ह्यात पानी नाय."

डोळे उघडले. समोर पार क्षितिजापर्यंत ओला, चकचकीत चिखल. त्यात चार होड्या कुशीवर झोपलेल्या, आणि खेकड्यांची वर्दळ. फार लांब एक पांढुरकी रेघ हलल्यासारखी वाटत होती. तिला समुद्र म्हणायचं तर माझ्या वहीतल्या समासालाही म्हणावं लागेल.

"आमच्या वावरात भाताच्या आवणीच्या टायमाला याच्यापेक्षा जास्ती पानी रहातं," मंगळू म्हणाला. या खेपेला बैल जवळ नसल्यानं त्याला मलाच सांगावं लागलं.

मी गंभीरपणे म्हटलं, "चंद्र नुकताच उगवलाय. सागराला त्याची ओळख पटायला वेळ लागतो."

आम्ही बसलो. ओळख पटली नाही. डासांना मात्र आमची पटली. गोदेनं नारळ पदराखाली घेतला आणि म्हणाली, "उद्या येऊ." तिच्या आवाजात रुसवा नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पुन्हा गेलो. चिखल, खेकडे, होड्या. मंगळू बाटल्या घेऊन रेघेच्या दिशेनं निघाला. अर्ध्या तासानं गुडघाभर बरबटून परत आला आणि म्हणाला, "मी जातंय तशी ती मागं सरतेय, सायेब. बुजलेल्या गायीसारखी."

आता हे कुणाला विचारायचं? कुणालाही विचारता आलं असतं. पण ज्यानं दोन दिवस गाडीत बसून समुद्रावर प्रवचन दिलं, त्यानं कोळणीला जाऊन 'बाई, समुद्र कुठं आहे?' असं विचारायचं? माणसाला काही अब्रू असते. धोंडीबाईंना मी आडून विचारलं, "काय धोंडीबाई, समुद्र यंदा ठीक आहे ना?"

"आहे तसाच आहे," त्या म्हणाल्या. "न्याहारी घ्या."

न्याहारीही कप्तानाचीच होती: तांदळाची भाकरी, केळं आणि तळलेला बोंबील. मी गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. धोंडीबाई म्हणाल्या, "वगळता येणार नाही. कप्तान रोज खायचे. ताटात राहू द्या, खाऊ नका." इतिहासाकडे पाठ करून मी केळं खाल्लं.

पण या सगळ्या दुःखावर देवानं फुंकर घातली होती. बंदरावरच्या मारुतीच्या देवळात हनुमान जयंतीचा उत्सव चालू होता. पौर्णिमेची पहाट आमची हुकली होती, पण पुढचे दोन दिवस दुपारी बारा ते तीन कीर्तन होतं. वसईकडचे बुवा, आख्यान मारुतीच्या समुद्रउड्डाणाचं! म्हणजे समुद्र पाहायला मिळाला नाही तरी ऐकायला मिळणार होता, आणि ऐकण्यात आमचा हात कोण धरणार? अकराला जेवायचं, बाराला कीर्तन, तीनला आरती, मग उकाड्यात जरा डोळा लावायचा आणि ऊन उतरल्यावर सहाला समुद्रावर. असा वेळ मी रेखून टाकला. शहाणा माणूस भर दुपारी समुद्रावर जात नाही.

देऊळ माडांच्या गर्दीत, आणि त्याची पाठभिंत चांगली पुरुषभर उंच. मी पहिल्या रांगेत मांडी ठोकली. गोदा बायकांत, नारळ मांडीवर.

आणि काय सांगू! बुवांनी सागराचं वर्णन असं काही मांडलं की माझ्या कानांत प्रत्यक्ष गाज घुमू लागली. एकामागून एक लाट, धऽऽप, मग सऽऽऽ करून माघार. अंगावर काटा आला. वीस वर्षांत असा समुद्र कुणी उभा केला नव्हता. आरती झाल्यावर मी बुवांचे पाय धरले. "बुवा, धन्य आहात. कानांनी लाटा ऐकल्या हो आज!"

बुवांचे डोळे पाणावले. "आपल्यासारखा श्रोता भेटला म्हणून," ते म्हणाले.

संध्याकाळी सहाला चिखल. गोदेनं नारळ परत आणला. आता मात्र माझ्यातला कारकून जागा झाला. धोंडीबाईंच्या घरी पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची जुनी वही होती. तीत मोठमोठ्या साहेबांच्या सह्या. तिच्यात मी खात्याच्या वळणात लिहिलं: 'घर उत्तम. समुद्र नादुरुस्त. संबंधितांनी लक्ष घालावे.'

तिसऱ्या दिवशी पहाटे तोच चिखल आणि तेच खेकडे. एकानं तर ओळखीनं नांगी वर केली. दुसऱ्या दिवशी सकाळी परतायचं होतं, रजा संपत होती. बांधावरून परतताना गोदा म्हणाली, "नारळ देवळातच वाढवू या ना मारुतीपुढे. त्यानं पाहिलाय समुद्र. तो पोचवेल."

हसून बोलली बिचारी, पण डोळे त्या रेघेकडेच होते. वीस वर्षं माझ्या तोंडचा समुद्र तिनं चुलीपाशी बसून ऐकला. खरा दाखवायची वेळ आली तेव्हा मी तिला चिखल दाखवला, तोही चार वेळा. अजून एक संध्याकाळ उरली होती. तीही कशी जाणार हे मला दिसत होतं.

दुपारी कीर्तनाला बसलो ते अशा जड मनानं. आख्यान रंगात आलं. मारुती महेंद्र पर्वतावर उभा. शेपूट उभारलेलं. समोर शंभर योजनं सागर. आणि कानांत पुन्हा तीच गाज, कालच्याहून मोठी. बुवांनी हात पसरले, "आता मारुतीराय उडी घेणार!" असं म्हणून श्रोत्यांना ताणून धरण्यासाठी थांबले. पेटी थांबली, तबला थांबला. बुवांनी तांब्या उचलून पाणी प्यायला सुरुवात केली.

धऽऽप. सऽऽऽ.

मी बुवांकडे पाहिलं. ओठांना तांब्या लागलेला. तबलजी घाम पुसतोय.

धऽऽप. सऽऽऽ.

मी मागं वळून पाहिलं. गोदा माझ्याकडेच बघत होती. तिनं नुसती भुवई उचलून देवळाच्या पाठभिंतीकडे खूण केली, आणि त्याच वेळी भिंतीवरून चार थेंब उडून माझ्या टकलावर पडले. मी बोटानं चाखलं. खारट!

आता काय करायचं सांगा. मारुती उडीच्या पवित्र्यात, आरतीला तास दीड तास अवकाश, मी पहिल्या रांगेत, आणि माझं वीस वर्षांचं व्रत. समुद्र आत्ता आहे. आरतीपर्यंत थांबेल याचा काय भरवसा? गेले तीन दिवस मी त्याचा स्वभाव पाहत होतो. गोदा नजर खाली घालून नारळाची शेंडी सारखी करत बसली होती. 'उठा' म्हणाली नाही. म्हणणार नव्हतीच. माझं व्रत तिला माहीत होतं.

मी उठलो.

बुवांनी तांब्या खाली ठेवला. आणि मग कीर्तनकाराच्या त्या खास आवाजात, जो शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही बोचतो, म्हणाले, "काय हो पाहुणे! मारुतीरायानं अजून उडी घेतली नाही, आणि तुमची आधीच?"

हशा झाला. विंचवाला न डगमगलेला मी, भर सभेत लालबुंद होऊन उभा! पण आता लाजून उपयोग नव्हता. हात जोडून म्हटलं, "बुवा, क्षमा असावी. आम्ही जव्हारची डोंगरातली माणसं. बायकोला भरलेला समुद्र दाखवायला आणलंय. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ जातोय, आणि तो घरी नसतो. आत्ता आल्यासारखा वाटतोय."

क्षणभर कुणाला कळेना. मग बायकांच्या बाजूनं धोंडीबाईंचा आवाज गडगडला, "अगो बाई! म्हणून विचारत होतात होय, ठीक आहे ना! अहो, पुनवेला तो भर दुपारी येतो आणि भर रात्री! उगवतीला-मावळतीला चिखलच असायचा!"

"पण चंद्र पाहून..." मी म्हणालो.

"पाहून लगेच धावत येतो काय? त्याला काही रीतभात आहे! तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. आज द्वितीया, दीड वाजता. इथलं शेंबडं पोरही सांगेल. खिशात पंचांग घेऊन फिरता आणि एवढं माहीत नाही?"

देऊळ हसून हसून लवंडलं. बुवा मात्र हसत नव्हते. ते माझ्याकडे एकटक पाहत होते. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "काल आपण माझे पाय धरलेत ते..."

"बुवा, वर्णनही उत्तमच होतं," मी म्हटलं.

आता हसण्याची पाळी त्यांची होती. उपरणं तोंडाला लावून ते पोटभर हसले आणि झांज उचलून म्हणाले, "जा. वहिनींना समुद्र दाखवून या. मी मारुतीला पर्वतावर धरून ठेवतो. तुम्ही आल्याशिवाय उडी नाही!" आणि त्यांनी नामघोष सुरू केला.

भिंतीला वळसा घालून आम्ही बाहेर आलो, आणि समोर तो होता. बांधापर्यंत, देवळाच्या जोत्यापर्यंत, जिकडे पाहावं तिकडे. झोपलेल्या होड्या उभ्या राहून नाचत होत्या. आमचा चिखल, आमचे ओळखीचे खेकडे, सगळं पोटात घालून तो दांडगा उन्हात चमकत होता. मंगळू बांधावर आधीच पोचला होता. बैलही सोडून आणले होते. "बघ रं," तो त्यांना सांगत होता, "सायेब बोलत होते त्यो ह्यो."

गोदा पायऱ्या उतरून पाण्यात उभी राहिली, खण सोडला, नारळ सोडला. लाटेनं नारळ परत आणून तिच्या पायाशी ठेवला. तिनं पुन्हा सोडला, त्यानं पुन्हा आणून दिला. तिसऱ्यांदा ती लहान मुलीसारखी खळखळून हसली. लग्नाला वीस वर्षं झाली, पण हे हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"अहो," ती म्हणाली, "हा रोज येऊन जात होता. आपणच घरी नव्हतो."

मी बाटल्या भरल्या.

परत देवळात गेलो तेव्हा पुरा अर्धा तास मारुतीराय पर्वतावर शेपूट उभारून थांबले होते. आम्ही टेकताच बुवांनी डोळा मिचकावला आणि उडी झाली. अशी उडी मी कधी ऐकली नाही. पाठीमागून साथीला खुद्द समुद्र होता.

निघताना मी अभिप्रायाच्या वहीतली ओळ खोडून खाली लिहिलं: 'समुद्र वेळेवर. पाहुणे उशिरा.' धोंडीबाईंनी ते वाचलं आणि किल्ल्यांचा जुडगा वाजवत म्हणाल्या, "खिडकीचं एवढं होतं तर बोलायचंत. तुमच्यासाठी घडीभर उघडली असती. कप्तान काही बघायला येत नव्हते."

कचेरीत तीर्थाची बाटली हजर केली. तिच्यावर आवक क्रमांक पडला, आणि ती अजून दप्तरात आहे. बायडीवहिनींचा गुडघा बरा झाला की नाही ठाऊक नाही, पण हवालदारांचा समुद्रावरचा ताबा मात्र सुटला. ते आले आणि म्हणाले, "काय, होतं ना तळं? पाणी कुठं जातंय?" तेव्हा आतून गोदेनंच त्यांना भरती-ओहोटी समजावून सांगितली. तब्बल तासभर! आरतीआधी त्यांना उठू दिलं नाही.

आता आमच्या घरी पंचांग माझ्याकडे नसतं. ते चुलीशेजारच्या फडताळात असतं, पिठाच्या बोटांचे ठसे उमटलेलं. मी जेवायला बसून कालचं कीर्तन सांगत असतो, आणि मध्येच गोदा भाकरी थापता थापता थांबते. ओठांतल्या ओठांत तिथीची पाऊणपट करते. बाहेर नुसते डोंगर, खाली नागलीची वावरं.

"थांबा जरा," ती म्हणते. "आत्ता आला असेल."

आणि मी, ज्याला बोलताना कुणी अडवलेलं खपत नाही, तो घास हातात धरून थांबतो.